सेल उन्हात ठेवू नका

रात्री साडेअकराला लाइन आली. मामा खाटेवरून उठला, उशाखालची बॅटरी काढली आणि म्हणाला, "चाल, बांधीत पाणी सोडून येऊ. पाय पाहून टाकजो बापा, धुऱ्यावर मण्यार राह्यते."

कुही तालुक्यातलं आमचं गाव नागपूरच्या आग्नेयेला, पक्क्या सडकेपासून थोडं आत आहे. एका बाजूला वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं पसरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं रान. २०१२ साली हे अभयारण्य झालं आणि त्याचा काही भाग कुही तालुक्यात येतो. हद्दीवरच्या वावरात रात्री रानडुक्कर येतं, रोही येतो. बिबट्या आणि वाघही इथे ऐकीव गोष्टींतले राहिलेले नाहीत. 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत याच जंगलात आला आणि एप्रिल २०१६ पासून तो बेपत्ता आहे. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही तो सापडला नाही. शेतीपंपांची वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळते, तेव्हा रात्रीच्या पाळीत माणसाला वावरात जावंच लागतं. त्याच्या हातात एक काठी असते आणि एक बॅटरी.

आपल्याकडे विजेरीला, टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्यात घालतात ते 'सेल'. "बॅटरीतले सेल संपले" हे वाक्य इथे रोज ऐकू येतं आणि कुणाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. या लेखातही मी बॅटरी म्हणजे हातातला दिवा आणि सेल म्हणजे त्याच्या पोटातली ताकद, असंच लिहिणार आहे. मला सांगायचं आहे ते सेलबद्दल. बॅटरी बदलली, तिचा झोत दहापट झाला, पण सेल हाताळायच्या आपल्या सवयी अजून जुन्याच आहेत. आणि जुन्या सेलला ज्या सवयी चालून जायच्या, त्यांतली जवळजवळ प्रत्येक सवय नव्या सेलला घातक आहे.

लहानपणी आजोबांची पितळी, तीन सेलची बॅटरी खुंटीला टांगलेली असायची. एव्हरेडी, निप्पो, नोविनो अशी सेलांची नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. उजेड पिवळा पडला की आजोबा सेल काढून अंगणात उन्हात मांडायचे. पावसाळ्यात चुलीजवळ ठेवायचे. संध्याकाळी त्यात खरोखर थोडा जीव आलेला असायचा, कारण जस्त-कार्बनच्या सेलमधली रासायनिक क्रिया उबेने थोडा वेळ जोर धरते. तीनपैकी एकच सेल नवा घ्यायचा आणि तो दोन जुन्यांबरोबर घालायचा. सेल ढिला बसला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून मागे दडपायची. पार मेलेला सेल आम्हा पोरांच्या ताब्यात यायचा. तो फोडून आतली काळी कांडी काढायची, भिंतीवर रेघोट्या ओढायच्या आणि हात काळ्या मसाल्याने माखून घ्यायचे. तो काळा मसाला म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. पुष्कळ मोठा झाल्यावर मला कळलं, की हा मसाला आमच्या शेजारचाच. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज सेल बनवणाऱ्या कारखान्यांना जातं आणि ती खाण चालवणाऱ्या 'मॉइल'चं मुख्यालय नागपुरातच आहे.

त्या सेलशी कसंही वागलं तरी फार तर तो पाझरायचा, बॅटरीची स्प्रिंग गंजायची. घर पेटायचं नाही. म्हणून तीन पिढ्यांनी सेलची भीती बाळगली नाही आणि त्यांचं त्यात काही चुकलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामाच्या घरी जे झालं, ते याच निर्धास्तपणातून झालं. त्याने बाजारातून एक मोठी एलईडी बॅटरी आणली होती. खोक्यावर लाखभर लुमेन लिहिलेले, आत बोटाएवढा जाड निळा सेल, त्यावर '९९०० एमएएच'. झोत महिनाभर छान पडला, मग मंदावला. मामीने चार्जरवरून सेल काढला आणि सासऱ्यांना पाहिलं होतं तसा पडवीच्या पत्र्यावर उन्हात ठेवला. मे महिन्यातली दुपार होती. नागपूरकडे पारा सत्तेचाळीसच्या पुढे गेलेला आम्ही पाहिला आहे, आणि पत्रा तर हात लावू देत नाही. थोड्या वेळाने 'फस्स' असा जोराचा आवाज आला. सेलच्या तोंडातून पांढरा धूर निघाला, गोडसर, डोक्यात जाणारा वास सुटला, आणि सेल पत्र्यावरून उडून अंगणातल्या कडब्यापासून हातभर अंतरावर पडला. मामाने वर बादलीभर पाणी ओतलं. कुणाला काही झालं नाही. दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा पत्र्यावर करपलेला डाग होता आणि मामी सारखी म्हणत होती, "म्या का मुद्दाम ठेवला का जी? आमचे मामंजी असेच ठेवत."

मुद्दाम नव्हताच ठेवला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

लिथियम-आयन सेल आतून दिसतो तरी कसा? एक लांब पट्टी, तिच्यावर एका बाजूचा लेप. दुसरी पट्टी, दुसरा लेप. दोघींच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा, माणसाच्या केसाहूनही पातळ. ही सगळी वळकटी पोलादी डबीत कोंबलेली आणि पेट घेणाऱ्या द्रवात भिजवलेली. जोवर पडदा शाबूत आहे तोवर हा सेल कमालीचा गुणी. सोनी कंपनीने १९९१ मध्ये तो बाजारात आणला आणि मोबाइल, लॅपटॉप, विजेच्या गाड्या त्यावरच उभ्या राहिल्या. त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. पण पडदा फाटला किंवा वितळला, की दोन्ही बाजू थेट भेटतात. त्यातून उष्णता, उष्णतेतून आणखी क्रिया, त्यातून आणखी उष्णता. एकदा हे चक्र सुरू झालं की बाहेरून बटण बंद करून ते थांबत नाही. उन्हात तापवणं म्हणजे त्या चक्राच्या उंबरठ्यावर सेल नेऊन ठेवणं. चांगला सेल नुसत्या उन्हाने सहसा फुटत नाही, त्याचं आयुष्य तेवढं घटतं. पण मामाचा सेल चांगला नव्हता आणि त्याचा चार्जर तर त्याहून वाईट होता.

त्याच चार्जरवर मी दुसरा सेल लावून मीटरने पाहिलं. लिथियमच्या नेहमीच्या सेलला ४.२ व्होल्टला थांबवायचं असतं. चांगला चार्जर आधी ठरावीक प्रवाह देतो, ४.२ ला पोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करतो आणि शेवटी तोडतो. मामाचा चार्जर ४.३५ ला गेला तरी थांबायचं नाव घेईना. त्याच्यावरचा हिरवा दिवा मात्र केव्हाच लागला होता. रात्री लाइन आली की सेल लावायचा आणि सकाळी काढायचा, असा मामाचा शिरस्ता. म्हणजे रोज रात्री सगळं घर झोपलेलं असताना तो सेल मर्यादेबाहेर भरला जात होता.

मामाकडे तसाच आणखी एक निळा सेल होता, तो घेऊन मी कुहीच्या बाजारात गेलो. ओळखीच्या सराफाकडे काटा मागितला. आधी तो हसला, मग त्यालाही नवल वाटलं. ९९०० लिहिलेला सेल भरला २९ ग्रॅम. माझ्या पिशवीत नामांकित कंपनीचा ३४०० लिहिलेला, अगदी त्याच आकाराचा सेल होता. तो भरला ४७. मी म्हणालो, "भाऊ, तिप्पट माल सांगते आणि वजन दोन-तृतीयांशही नाही." सराफ म्हणाला, "म्हणजे पितळेले सोन्याचं पाणी." त्याच्या धंद्यातली उपमा त्याने अचूक लावली.

या आकाराला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य गोल आकाराची खूण. याच रीतीने २१७०० म्हणजे २१ जाड आणि ७० लांब. नामांकित कारखान्यांच्या १८६५० सेलमध्येही साठा साधारण ३६०० मिलिअँपिअर-तासांपर्यंतच (एमएएच) असतो, आणि खऱ्या सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास असतं. त्यावर ५०००, ९९००, १२००० लिहिलेलं दिसलं की पुढे काही तपासायची गरजच नाही, तो सेल खोटा. अशा सेलांत काही वेळा आत छोटाच सेल आणि भोवती नुसतं भरताड निघतं. काही वेळा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला थकलेला सेल नवं कव्हर चढवून विकलेला असतो. सराफाचा काटा नसेल तर किराणा दुकानातला डिजिटल काटाही चालतो.

झोताचंही तसंच. लुमेनचा आकडा म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. चांगल्या एलईडीतून एका वॅटला साधारण शंभर लुमेन निघतात, तर एका सेलवर हजार लुमेन म्हणजे दहा वॅट झाले. तेवढ्यावर भरलेला सेल जेमतेम तासभर टिकतो आणि बॅटरीची नळी हातात धरवत नाही. लाखभर लुमेन तर एका सेलमधून कुणालाच काढता येणार नाहीत. शिवाय वावरात लागतं ते अंतर. प्रमाणित मोजणीत झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवरचं अंतर. ते दुप्पट करायचं तर झोताची तीव्रता चौपट लागते. त्यामागे सेलवरचा ताण वाढतो, उष्णता वाढते, आणि स्वस्त सेल तिथेच दगा देतो. धुऱ्यावरून चालायला पायाशी पसरट शंभर लुमेन पुष्कळ झाले. मण्यार दिसायला तेवढ्याच उजेडाची गरज असते. पलीकडच्या बांधीत डुक्कर आहे का ते पाहायला चार-पाचशे लुमेनची, खोल वाटीची बॅटरी पुरते. मी मामाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प राहिला. त्याला झोत हवा होता आणि मला त्याचं कारण कळत होतं. रात्री एकट्याने उभं राहिलेल्या माणसाला उजेड जेवढा लांब जाईल तेवढा धीर येतो. डुकरांसाठी कुंपणात वीज सोडण्याच्या जीवघेण्या प्रकारापेक्षा झोत टाकून जागल करणं हजारपट बरं. जयचा बछडा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेला चिकटून मेला, आणि अशा तारांना माणसंही बळी पडतात. म्हणून बॅटरी घेऊच नका असं मी मामाला म्हणालो नाही. सेल बदल, एवढंच म्हणालो.

मग कोणता घ्यायचा? माझं मत ठाम आहे आणि ते झोताच्या नव्हे, घराच्या बाजूचं आहे. ज्या घरात चार्जर, मीटर, सेलची नावं यांत कुणाला रस नाही, तिथे लिथियम-लोह-फॉस्फेटचा सेल असलेली बॅटरी घ्यावी. सौर दिव्यांत हल्ली जो जाडजूड ३२७०० सेल दिसतो, तो बहुधा याच जातीचा. त्याचं व्होल्टेज ३.२, पूर्ण भरल्यावर ३.६५. वजन जास्त, त्याच आकारात साठा कमी, पण उष्णता तो पुष्कळ जास्त सोसतो आणि बिघडला तरी इतरांसारखा भडकत नाही. अजिबात पेटणार नाही अशी हमी त्याचीही नाही. मात्र हजारांच्या घरात वेळा भरता येतो, हा शेतकऱ्यासाठी मोठाच फायदा. या रसायनाचा शोध टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे. निबंधावरचं आणखी एक नाव के. एस. नंजुंडस्वामी यांचं. मामाला ही गोष्ट फार आवडली. एक सावधगिरी मात्र हवी. हा सेल ४.२ व्होल्टच्या चार्जरवर कधीही लावायचा नाही, त्याचा चार्जर वेगळा.

त्याहून साधा मार्ग निकेल-मेटल हायड्राइडचा. पेन्सिल सेलच्या मापाचे, १.२ व्होल्टचे, पुन्हा भरता येणारे हे सेल आपल्या जुन्या सवयींना सगळ्यात जवळचे. चार सेलवर चालणारी चांगली एलईडी बॅटरी तीन-चारशे लुमेन देते आणि आणीबाणीत गावच्या दुकानातले साधे सेलही तिच्यात चालतात. घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं असतील तर मी हीच सुचवतो. आता याच पेन्सिल सेलच्या मापाचा एक लिथियम सेलही मिळतो, १४५०० नावाचा. तो बसतो म्हणून दीड व्होल्टच्या वस्तूत घालू नका. एकेका सेलमागे ४.२ व्होल्ट गेले की ती वस्तू जळते.

आणि ज्यांना १८६५० किंवा २१७०० चाच झोत हवा, त्यांनी नामांकित कारखान्याचा, संरक्षण-पट्टी असलेला सेल घ्यावा. या सेलच्या बुडाशी एक छोटी चकती असते. सेल जास्त भरला, फार उतरला किंवा त्यातून भलताच प्रवाह जाऊ लागला की ती आपोआप तोडते. त्यामुळे सेल दोन-चार मिलिमीटर लांब होतो, म्हणून घेताना बॅटरी बरोबर न्यावी. पाकिटावर भारतीय मानक ब्युरोची खूण, 'आयएस १६०४६' आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे हे. मी कुहीत केलं तेव्हा दुकानदार रागावला नाही; त्यानेही आपल्याजवळच्या तीन पाकिटांचे क्रमांक टाकून पाहिले.

दोन-तीन सेल एकामागे एक बसणाऱ्या नळीच्या बॅटरीबद्दल मला जास्त काळजी वाटते. 'दोन जुने, एक नवा' ही आजोबांची काटकसर इथे सगळ्यात महाग पडते. अशक्त सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे दोघे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. तो उलटा भरू लागतो, तापतो आणि वायू सोडतो. पाणी शिरू नये म्हणून रबरी कड्यांनी बंद केलेल्या नळीत त्या वायूला वाट मिळत नाही आणि धातूची नळी हातातच फुटू शकते. म्हणून शक्यतो एकाच सेलवर चालणारी बॅटरी घ्यावी. दोन लागतच असतील तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच कंपनीचे घ्यावेत, त्यांवर सारखी खूण करावी, दोन्ही बरोबरच वापरावेत आणि बरोबरच भरावेत. एक गेला तर दोन्ही बदलावेत. मामी म्हणाली, "म्हणजे बैलजोडीच झाली." तसंच आहे ते.

चांदीची घडीही आता विसरायला हवी. लिथियम सेलची पूर्ण पोलादी डबी म्हणजे ऋण टोक, आणि वरचं धन टोक तिच्यापासून जेमतेम कागदी चकती आणि प्लास्टिकच्या कव्हराने वेगळं राखलेलं असतं. तिथलं कव्हर फाटलं आणि चांदी, नाणं किंवा किल्ली दोन्हीकडे टेकली, की खिशातच जाळ. फाटक्या कव्हराचा, चेपलेला सेल वापरू नये. जादा सेल न्यायचा तर प्लास्टिकच्या डबीत न्यावा. उजेड मंद झाला की तिथेच थांबावं, शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नये. कित्येक महिने पडून अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा भरायच्या भानगडीत पडू नये, कारण आत तांबं विरघळून नको तिथे साचलेलं असू शकतं आणि भरताना तेच पडद्याला भोक पाडू शकतं.

भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट खोचायच्या स्वस्त बॅटऱ्यांविषयी थोडं सांगतो. त्यांत बहुधा चार व्होल्टचा छोटा शिशाचा सेल असतो. तो पेटण्याचा धोका कमी, पण आतला चार्जर इतका काटकसरी असतो, की घरच्या विजेत आणि बॅटरीत आडपडदाच नसतो. भरत असताना तिचा धातूचा भाग ओल्या हाताने धरला तर शॉक लागू शकतो. पावसाळ्यातल्या ओल्या हातांच्या घरात ती मला नको वाटते.

आणि सेल पेटलाच तर? आधी माणसं बाहेर, कारण धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो. मग लांबून भरपूर पाणी. लिथियम म्हटलं की पाणी टाकू नये असा समज आहे, पण या सेलमध्ये लिथियमचा धातू सुटा नसतो आणि पाण्याने शेजारचे सेल थंड राहतात. मामाने ओतलेली बादली बरोबरच होती. भरायची जागा मात्र त्याने आता बदलली आहे. पूर्वी चार्जर उशाशी असायचा, आता चुलीपासून लांब, ओट्यावरच्या फरशीवर असतो. सेल रात्री जागं असतानाच भरतात, पाळीवर निघण्याआधी काढतात.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा गेलो. मामीने देवळीतून आजोबांचा पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात सहा जुने सेल निघाले. तीन पाझरलेले जस्ताचे, दोन निळे लिथियमचे आणि कधीचा तरी मोबाइलचा एक फुगलेला. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे हे सेल घरच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण कुहीपासून जुने सेल जमा करायच्या पेटीपर्यंत ते न्यायला कुणीतरी हवं ना. मी लिथियमच्या तिघांच्या टोकांना चिकटपट्टी लावली, वाळू भरलेल्या डब्यात ते ठेवले आणि डबा गाडीच्या मागे बांधला. मामी अंगणातून ओरडून म्हणाली, "गाडी उन्हात उभी नको ठेवजो जी."